हार्ड डिस्क बदलल्यानंतर लॅपटॉपवर विंडोज पुन्हा बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात पुष्कळ घरांत लॅपटॉप एकच असतो. मुलांचा अभ्यास, शेतीची कागदपत्रे, दुकानाचा हिशेब आणि लग्नाचे फोटो हे सगळे त्याच एका डिस्कवर साठलेले असते. ती डिस्क बंद पडली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या अवस्थेत घेतलेल्या निर्णयांमुळे मूळ बिघाडापेक्षा मोठे नुकसान होते. डिस्क बदलून घेतलेल्या किंवा बदलण्याच्या बेतात असलेल्या लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. सर्व उत्तरांमागे एक गोष्ट गृहीत आहे : विंडोज केव्हाही आणि कितीही वेळा पुन्हा बसवता येते, पण जुन्या डिस्कवरचा तुमचा मजकूर जगात दुसरीकडे कोठेही नसण्याची शक्यता आहे. त्यामुळे घाई विंडोजची करू नये आणि काळजी जुन्या डिस्कची घ्यावी.

नवी डिस्क बसवली, पण लॅपटॉप सुरू केल्यावर बूट करण्याजोगे उपकरण नाही असा इंग्रजी संदेश येतो. नवी डिस्कही खराब निघाली का?

बहुधा नाही. नवी डिस्क कोऱ्या वहीसारखी असते. तिच्यावर विंडोज नसल्यामुळे लॅपटॉपला सुरू होण्यासाठी काहीच सापडत नाही आणि तो तसे सांगतो. खात्री करायची असल्यास बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन डिस्कचे नाव आणि क्षमता दिसते का ते पाहावे. नाव दिसत असेल तर डिस्क जोडली गेली आहे आणि आता फक्त विंडोज बसवायची आहे. नाव दिसत नसेल तर विंडोजच्या मागे न लागता आधी डिस्क नीट खोचली गेली आहे का ते तपासून घ्यावे.

क्षमतेचा आकडा पाहून आणखी एक शंका हमखास येते. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि ५१२ जीबीची ४७६ जीबी. यात फसवणूक नसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

जुन्या डिस्कमधील फोटो आणि कागदपत्रे आधी काढावीत की विंडोज आधी टाकून घ्यावी?

विंडोज नव्या डिस्कवर जाणार असल्यामुळे ती कधीही टाकता येईल, पण तोपर्यंत जुनी डिस्क बाजूला सुरक्षित ठेवावी आणि तिला पुन्हा पुन्हा वीज देऊन पाहू नये. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर आतील वाचणारा भाग तबकडीला घासत असण्याची शक्यता असते. अशा डिस्कला दिलेली प्रत्येक वीज तबकडीवरचा आणखी थोडा मजकूर कायमचा पुसू शकते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणे, हलकेच आपटणे, उघडून पाहणे असे जे उपाय मोबाईलवर फिरत असतात, त्यांतला एकही करू नये. तबकडीवर बसलेला धुळीचा कणही डिस्क निकामी करण्यास पुरेसा असतो, म्हणूनच असे काम करणाऱ्या प्रयोगशाळा धूळविरहित खोलीत डिस्क उघडतात. आवाज येणाऱ्या डिस्कवरचा मजकूर खरोखर मोलाचा असेल, तर ती थेट अशा प्रयोगशाळेकडेच द्यावी आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा.

आवाज येत नसेल आणि डिस्क केवळ संथ झाली असेल किंवा विंडोज सुरू होत नसेल, तर परिस्थिती बरी असते. नवी विंडोज बसवून झाल्यावर जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून जोडण्याच्या डबीत) घालून बाहेरून जोडावी. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला यूएसबीचीच वीज पुरते. फाईली कॉपी करताना सर्वांत महत्त्वाच्या फाईलींपासून सुरुवात करावी, कारण डिस्क किती वेळ साथ देईल हे सांगता येत नाही. काही फाईली वाचल्या जात नसतील तर जाणकाराकडून लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवरील डीडीरेस्क्यू हे मोफत साधन वापरून घ्यावे. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उतरवून घेते आणि अडलेल्या जागी नंतर परत येते, त्यामुळे आजारी डिस्कवर ताण कमी पडतो. जुनी डिस्क जोडल्यावर विंडोज तिला फॉरमॅट करायचे का असे विचारत असेल, तर कोणत्याही परिस्थितीत हो म्हणू नये.

काही वेळा जुनी डिस्क जोडल्यावर ४८ अंकी चावी मागितली जाते. याचा अर्थ त्या डिस्कवर बिटलॉकर या विंडोजच्याच सुरक्षा सोयीचे कुलूप होते. ही चावी बहुतेक वेळा पूर्वी लॅपटॉपमध्ये वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, म्हणून दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून किंवा मोबाईलवरून त्या खात्यात शिरून ती पाहता येते. चावी कोठेच नसेल तर तो मजकूर कोणालाही उघडता येत नाही, आणि उघडून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळत असेल, तर जुनी डिस्क अनेकदा कंपनी परत घेते. ती हातातून जाण्यापूर्वी मजकूर काढून घ्यायचा आहे हे लॅपटॉप कंपनीच्या दुरुस्ती केंद्राला आधीच स्पष्ट सांगावे.

विंडोज पुन्हा विकत घ्यावी लागते का?

लॅपटॉपसोबत मूळ विंडोज मिळाली असेल तर नाही. हा मुद्दा नीट समजून घेणे फार गरजेचे आहे, कारण येथेच लोकांचे पैसे विनाकारण जातात. विंडोज ८ पासून पुढे कंपनीने विंडोज घालून विकलेल्या लॅपटॉपमध्ये परवान्याची चावी मदरबोर्डवरील (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट पाटीवरील) चिपमध्येच लिहिलेली असते. विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवानाही मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो. डिस्क बदलली म्हणून हा परवाना जात नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र प्रश्न उभा राहतो.

विंडोज बसवताना चावी विचारली गेल्यास आपल्याकडे चावी नाही हा पर्याय निवडावा. इंटरनेट जोडले की विंडोज आपणहून सक्रिय होते, म्हणजे तिचा परवाना मान्य होतो. एकच पथ्य पाळावे लागते : लॅपटॉपसोबत जी आवृत्ती मिळाली होती तीच बसवावी. भारतात विकल्या गेलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये होम सिंगल लँग्वेज ही आवृत्ती असते. तिच्या जागी प्रो बसवली तर ती सक्रिय होत नाही, आणि मग परवानाच गेला असा चुकीचा समज होतो. विंडोज ७ च्या काळातील लॅपटॉपवर चावीचे स्टिकर तळाशी असते. ते झिजले असेल तर चावी वाचता येत नाही, आणि तशीही विंडोज ७ ची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी संपली आहेत.

लॅपटॉपसोबत ऑफिस मिळाले असेल, तर ते ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर पहिल्यांदा नोंदवले त्याच खात्याने पुन्हा उतरवून घेता येते. ते खाते बहुधा लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातच काढून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नसतो. म्हणून त्या वेळी कोणाचा मोबाईल क्रमांक दिला होता ते आठवून पाहावे.

कोणी थोड्या पैशांत सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो. ते घ्यावे का?

घेऊ नये. अशा बनावट विंडोजला सक्रिय दाखवण्यासाठी जे छोटे प्रोग्रॅम वापरतात, ते चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. ज्या लॅपटॉपवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता आणि आधार क्रमांक टाकता, त्याचा पहारा अनोळखी माणसाच्या फाईलसाठी उठवायचा, एवढी जोखीम यात आहे. शिवाय तुमच्या लॅपटॉपचा खरा परवाना मदरबोर्डमध्ये पडून असताना बनावट घेण्याचे काही कारणच उरत नाही. दुकानातूनच काम करून घ्यायचे असेल तर दुकानदारांना मूळ आवृत्ती बसवा आणि माझ्या परवान्यावर सक्रिय करा असे स्पष्ट सांगावे. मनापासून काम करणारा कारागीर हे आनंदाने करतो, आणि त्याच्या श्रमाचे पैसे त्याला जरूर द्यावेत.

लॅपटॉप सुरू होताना एफ११ दाबून कंपनीची रिकव्हरी चालवता येत असे. आता ती का येत नाही?

ती सोय जुन्या डिस्कच्याच एका लपवलेल्या भागात होती आणि डिस्कबरोबर गेली. डेल, एचपी आणि लेनोवो या कंपन्या आपल्या अनेक मॉडेलांसाठी रिकव्हरीची फाईल त्यांच्या संकेतस्थळावरून देतात. त्यासाठी लॅपटॉपच्या तळाशी छापलेला क्रमांक लागतो. या मार्गाने विंडोज बसवल्यास ड्रायव्हर (लॅपटॉपचे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) सोबतच येतात, हा मोठा फायदा आहे. फाईल मोठी असते आणि कंपनीचे जास्तीचे प्रोग्रॅमही येतात. चांगले नेट असेल तर हा मार्ग घ्यावा, नसेल तर पुढील प्रश्नातील साधा मार्ग पुरतो.

बूटेबल, म्हणजे ज्यावरून लॅपटॉप सुरू होतो असा, पेनड्राइव्ह कसा तयार करावा? आमच्याकडे फक्त मोबाईलचे नेट आहे.

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि चालू असलेला दुसरा संगणक लागतो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून चालवले की ते विंडोज उतरवून पेनड्राइव्ह तयार करते. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून तो आधी रिकामा करून घ्यावा.

विंडोज ११ ची फाईल ५ जीबीपेक्षा मोठी असते. रोज दीड किंवा दोन जीबीचे रिचार्ज असेल तर ती एका दिवसात उतरत नाही आणि टूल मध्येच अडकते. अशा वेळी त्याच संकेतस्थळावरून आयएसओ फाईल (विंडोजचे सगळे साहित्य एकत्र असलेली फाईल) ब्राउझरने घ्यावी, किंवा तालुक्याच्या गावी ज्याच्याकडे फायबरचे नेट आहे त्याच्याकडे बसून हे काम उरकावे. एमएस-सीआयटीचे केंद्र चालवणारे किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सहायक याबाबतीत बहुधा मदत करतात. आयएसओ फाईल नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करून लॅपटॉप सुरू होत नाही. त्यासाठी रूफस यांसारखे मोफत साधन वापरावे लागते. फाईल कोणाकडून तयार मिळाली असेल, तर तिचा शा-२५६ हा ठसा (फाईलवरून काढलेली अंक-अक्षरांची ओळखखूण) मायक्रोसॉफ्टने संकेतस्थळावर दिलेल्या ठशाशी जुळतो का ते पाहावे. तो जुळला तर फाईलमध्ये कोणी फेरफार केलेला नाही आणि ती अर्धवटही उतरलेली नाही, अशा दोन्ही गोष्टींची खात्री होते.

विंडोज १० बसवावी की ११?

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठी नावनोंदणी करून मिळणारी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची ठरवली गेली. त्यामुळे लॅपटॉप पात्र असेल तर ११ च बसवावी. पात्रतेसाठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयी आणि ठरावीक काळानंतरचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात. नियमांना बगल देऊन जुन्या लॅपटॉपवर ११ बसवता येते, पण तशा लॅपटॉपला पुढे अद्यतने मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

पात्र नसलेला, पण धडधाकट असलेला लॅपटॉप भंगारात काढू नये. उबुंटू किंवा लिनक्स मिंट त्यावर चांगले चालते, मराठीही नीट दिसते आणि अभ्यास, ब्राउझर, पत्रलेखन यांसाठी ते पुरेसे आहे. मात्र लोकांचे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राची उपकरणे किंवा टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी विंडोजवरच राहावे.

पेनड्राइव्ह लावला, तरी त्यावरून लॅपटॉप सुरू होत नाही.

चालू करताच कंपनीनुसार ठरलेले बटण टपटप दाबत राहावे लागते. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ आणि आसुसवर एस्केप. एसरवर एफ१२ चालते, पण ते अनेकदा आधी बायोसमध्ये सुरू करावे लागते. जी यादी येईल तिच्यात पेनड्राइव्हच्या नावाआधी यूईएफआय (लॅपटॉप सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलेला पर्याय असेल तर तोच निवडावा.

विंडोजच्या सेटअपमध्ये डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये मात्र दिसते.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये हा अनुभव येतो आणि तो पाहून चांगल्या डिस्कही दुकानात परत केल्या जातात. या लॅपटॉपमध्ये डिस्क आणि विंडोज यांच्यामध्ये व्हीएमडी नावाची एक व्यवस्था असते, आणि तिचा ड्रायव्हर सेटअपजवळ नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवावा, तो उलगडून त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवावा आणि सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर निवडून तो फोल्डर दाखवावा. डिस्क लगेच दिसू लागते. बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही काम होते, पण विंडोज बसल्यानंतर ती व्यवस्था पुन्हा चालू केल्यास विंडोज सुरू होत नाही. म्हणून मी ड्रायव्हरचाच मार्ग सुचवतो.

डिस्क दिसते, पण या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही असे लिहून येते.

डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे आणि लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. डिस्क नवी आणि रिकामी असेल तर सेटअपमध्ये दिसणारे तिचे सगळे भाग (पार्टिशन) काढून टाकावेत, उरलेली मोकळी जागा निवडून पुढे जावे, आणि आवश्यक ते छोटे भाग सेटअप आपणहून पाडतो.

येथे एक कळकळीची सूचना आहे. ज्या लॅपटॉपमध्ये छोटी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) आणि मोठी हार्ड डिस्क अशा दोन डिस्क आहेत, तेथे भाग काढण्यापूर्वी डिस्कचा क्रमांक आणि क्षमता दोनदा वाचावी. चुकीच्या डिस्कचे भाग काढले गेल्यामुळे वर्षानुवर्षांचे फोटो गेलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. शक्य असल्यास दुसरी डिस्क तेवढ्यापुरती काढूनच ठेवावी.

मध्येच लाईट गेली तर?

लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर काही बिघडत नाही. बॅटरी संपलेली असेल आणि लॅपटॉप फक्त चार्जरवर चालत असेल, तर इन्व्हर्टर असलेल्या ठिकाणी काम करावे किंवा भारनियमनाची वेळ टळल्यावर बसावे. फाईली उतरत असताना वीज गेली तर सेटअप पुन्हा सुरुवातीपासून चालवावा, नवी डिस्क त्यामुळे खराब होत नाही. बायोस अद्ययावत करताना मात्र वीज जाता कामा नये. तेथे मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

विंडोज बसली, पण वायफाय चालत नाही आणि सेटअप इंटरनेट मागतो.

मोबाईल डेटा केबलने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करावे. अँड्रॉइड फोनचे हे नेट बहुतेक वेळा कोणत्याही ड्रायव्हरशिवाय चालते. नंतर विंडोज अपडेट चालवावे आणि त्यातील ऐच्छिक अद्यतनांमध्येही डोकावावे, कारण पुष्कळ ड्रायव्हर तेथेच असतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण उरली असेल तर तो ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. नेट जोडूनही संकेतस्थळे सुरक्षित नाहीत असे म्हणत उघडत नसतील, तर तारीख तपासावी. बराच काळ बंद पडलेल्या लॅपटॉपची आतील छोटी बॅटरी संपलेली असते आणि तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कचे कुलूप आपोआप लागते. वर सांगितलेली ४८ अंकी चावी त्याच दिवशी कागदावर उतरवून घरातील महत्त्वाच्या कागदांत ठेवावी.

मराठी टंकलेखन आणि जुनी मराठी पत्रे यांचे काय?

सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. रोमन अक्षरांवरून टंकणाऱ्यांसाठी मराठी फोनेटिकही त्यातच आहे. नव्या विंडोजमध्ये मंगल फाँट सुरुवातीला नसतो आणि शासकीय पत्रांचे रूप बदललेले दिसते, तेव्हा लोक फाईल बिघडली असे समजतात. देवनागरीचे पूरक फाँट ऐच्छिक सुविधांमधून घेतले की मंगल परत येतो.

श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीत टंकलेल्या फाईलींचे दुखणे वेगळे आहे. तो फाँट नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. फाईल शाबूत असते, फक्त फाँट हवा असतो. जुनी डिस्क वाचता येत असेल तर तिच्या विंडोज फोल्डरमधील फाँट्स हा फोल्डर आधी उतरवून घ्यावा. शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि वकिलांचे मसुदे यांच्यासाठी ही एक गोष्ट कित्येक दिवसांचे श्रम वाचवते.

आमचे सरकारी अर्ज भरून देणारे सेवा केंद्र आहे. डिजिटल स्वाक्षरी आणि अंगठ्याचे मशीन पुन्हा घ्यावे लागेल का?

नाही. डिजिटल स्वाक्षरीची गुप्त चावी यूएसबी टोकनमध्ये असते, डिस्कवर नसते. टोकनचा ड्रायव्हर पुन्हा बसवला की स्वाक्षरी पूर्वीसारखी चालते. टोकनचा पासवर्ड अंदाजाने टाकत बसू नये, कारण ठरावीक चुकांनंतर टोकन बंद होते. अंगठ्याच्या मशीनसाठी त्याचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस हा आधार पडताळणीचा प्रोग्रॅम दोन्ही लागतात, तसेच नोंदणीची मुदत संपलेली नाही ना हे पाहावे. टॅलीचा परवाना नव्याने सक्रिय करावा लागतो, आणि हिशेबाचा डेटा फोल्डर जुन्या डिस्कवरून स्वतंत्रपणे आणावा लागतो. पीकविम्याच्या गर्दीच्या दिवसांत हे सगळे एका रात्रीत करण्याची वेळ येऊ नये म्हणून ड्रायव्हरच्या फाईली एका पेनड्राइव्हवर कायमच्या ठेवाव्यात.

पूर्वी घेतलेली सिस्टीम इमेज (विंडोजसह सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) आहे. ती वापरता येईल का?

येईल, पण विंडोजच्या स्वतःच्या साधनाने घेतलेली इमेज मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर उतरत नाही, मग आतला मजकूर कितीही कमी असो. १ टीबीच्या हार्ड डिस्कच्या जागी ५१२ जीबीची एसएसडी घातलेल्यांची येथे अडचण होते. त्यांनी विंडोज नव्याने बसवावी आणि इमेजमधून फक्त फाईली काढून घ्याव्यात.

सगळे पुन्हा सुरू झाले. जुनी डिस्क फेकून द्यावी का?

किमान काही महिने ठेवावी. एखादा दाखला किंवा हिशेबाचे वर्ष राहून गेले आहे हे अनेकदा शाळेचे प्रवेश किंवा कर्जाचे प्रकरण सुरू झाल्यावरच लक्षात येते. डिस्क कोरड्या जागी, कापडात गुंडाळून ठेवावी आणि तिच्यावर तारीख लिहावी. शेवटी टाकायची झाली तर भंगारवाल्याला तशीच देऊ नये, कारण बंद पडलेल्या डिस्कवरचा मजकूरही योग्य साधनांनी वाचता येतो. तबकडीची डिस्क असेल तर डोळ्यांना जपून तिला ड्रिलने आरपार दोनतीन छिद्रे पाडावीत आणि मग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.